दोन पात्रांचे व्हॉइस-ओव्हर, पण दोन्ही एकाच माणसाचे वाटतात – काय करावं?

कडकभाकरी

मंडळी, जरा मदत करा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी १८ मिनिटांची फिल्म करतोय, टीनएज रोमँटिक कॉमेडी. मुलगा अकरावीतला, घर सोलापूरच्या अशोक चौकाकडं, वडिलांचे यंत्रमाग, घरात तेलुगू. मुलगी जुळे सोलापूरची, त्याच ट्यूशनला येते. शूटिंग झालंय: कंबर तलाव, नवी पेठ आणि थोडं जानेवारीत गड्ड्यावर (सिद्धेश्वर यात्रेत). पहिला कट २१ मिनिटांचा आहे.

गोष्ट दोघंही सांगतात, दोघांचे मिळून ४६ व्हॉइस-ओव्हर (चित्रावर ऐकू येणारं पात्राचं मनातलं बोलणं) आहेत. भानगड अशी:
– निबंध वाचून दाखवल्यासारखं वाटतं.
– मुलाचं वाक्य मुलीला दिलं तरी काही फरक पडत नाही.
– कॉमेडी म्हणावी तर वर्गातलं कुणी हसलं नाही.
– आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा येतोय.

नमुना देतो. मुलगा: "त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि माझं आयुष्यच बदलून गेलं." मुलगी: "त्याला पाहिल्यावर मला काहीतरी वेगळंच वाटू लागलं."

सामान: यूएसबी कंडेन्सर माईक, लॅपटॉप, ऑडेसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). हातात तीन आठवडे. रेकॉर्डिंग हॉस्टेलच्या खोलीत.

पटकथापेन

माईक नंतर बघू, आधी कागद. तुझी दोन्ही वाक्यं कुणाला उद्देशून आहेत? कुणालाच नाही. म्हणून ती निबंधातली वाटतात. व्हॉइस-ओव्हर लिहिताना पहिला प्रश्न "पात्र काय सांगतंय" हा नसतोच. ते कुणाला सांगतंय आणि का, हे आधी ठरव. भाषा त्यातून आपोआप ठरते.

समजा मुलगा सतत स्वतःची बाजू मांडतोय, जणू ट्यूशनच्या सरांनी त्याला उभं केलंय. मग तो असा बोलेल: "हे बघा, मी तिच्या मागं गेलो नाही. मी पुढंच होतो. ती सायकल हळू चालवते, ह्यात माझी काय चूक?" आणि चित्रात हा पुढं जाऊन चेन बसवायचं नाटक करत थांबलाय.

मुलगी कुणाशी बोलत नाही, ती मनात हिशेब ठेवते. "उशिरा आला तीन वेळा. सॉरी म्हणाला एकदा. तेही बाकाला." तिची वाक्यं तुटक, आकड्यांची, क्रियापद शक्यतो गाळलेलं. त्याची लांबलेली, "म्हणजे", "तसं नाही", "खरं सांगू का" अशा अडथळ्यांची. आता एकाचं वाक्य दुसऱ्याला देऊन बघ, चालणारच नाही. हीच परीक्षा सगळ्या ४६ वाक्यांना लाव: नावं झाकून तिसऱ्या माणसाला वाचायला दे. त्याला दहातली आठ तरी ओळखता आली पाहिजेत.

दुसरं, जे चित्रात दिसतंय ते बोलायचं नाही. मुलगी तलावाकाठी एकटी बसलेली दिसत असताना "मी एकटीच बसले होते" हे वाक्य थेट कचऱ्यात. आवाजानं एक तर चित्राला न दिसणारं सांगावं, नाहीतर खोटं बोलावं. कॉमेडीत दुसरं जास्त चालतं. मुलगा म्हणतो, "ती हसली. माझ्याकडं बघून." मग त्याच्या नव्या शर्टाच्या कॉलरला लटकणारा किमतीचा कागद दाखवा. हसू त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे, शब्दांत नाही.

आता खास मराठीची अडचण. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं विनोदाचा शब्द आधीच येऊन जातो आणि शेवटी "केलं", "होतं", "खाल्लं" अशी शेपूट उरते. "तिच्यासाठी आणलेली भेळ तिच्या भावानं खाल्ली." इथं गंमत "भावानं" मध्ये आहे, पण त्यावर "खाल्ली" येऊन बसलंय. वाक्य तोड: "भेळ आणली तिच्यासाठी. खाल्ली… तिच्या भावानं." बोलताना आपण असंच बोलतो, लिहायला बसलो की शाळेतलं व्याकरण आडवं येतं.

शेवटचं एक: दोघंही "आता" बोलतायत की दोन वर्षांनी आठवून, ते ठरव. आठवून बोलणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळं तो स्वतःवर हसू शकतो. आता बोलणाऱ्याला माहीत नसतो, म्हणून प्रेक्षक त्याच्यावर हसतो. मुलगा आता, मुलगी नंतर, असंही करता येईल. पण एकाच पात्रात दोन्ही काळ मिसळलेस तर लोक गोंधळतील.

माईकवाला

पिंपाचा इलाज सांगतो. मोकळ्या भिंतीवरून आवाज परत येऊन माईकमध्ये शिरतोय. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूनं जवळजवळ बहिरा असतो, पुढचं ऐकतो. म्हणजे माईकच्या मागं फोम लावून फार उपयोग नाही. बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाकायला हवी, कारण माईक तिकडंच बघतोय. बरेचजण नेमकं उलटं करतात.

सोलापुरात राहून फोम विकत आणायची गरज नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून दोरीवर टाका, भिंतीला चिकटवू नका, १० ते १५ सेंटिमीटर अंतर सोडा. पाठीमागं दोन, दोन्ही बाजूंना एकेक, टेबलावर एक. एकेरी पातळ चादर फक्त वरचे तीक्ष्ण स्वर खाते आणि खालचा घुमारा तसाच राहतो, मग आवाज आणखीच गुदमरलेला वाटतो. गादी उभी करून ठेवता आली तर फारच छान. खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्याकडं तोंड करून बसू नका.

माईक तोंडापासून वीतभर, १५ ते २० सेंटिमीटर, आणि तोंडाच्या सरळ रेषेत नको. थोडा बाजूला सरकवून तोंडाकडं वळवा. प, फ, भ चा वारा मग त्याच्या बाजूनं निघून जातो. पॉप फिल्टर (माईकसमोरची वारा अडवणारी जाळी) असला तर उत्तम. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वात मोठ्यानं बोललेलं वाक्य –१० ते –६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही, हळू आलेला वाढवता येतो.

पंखा बंद, कूलर बंद, फोन फ्लाइट मोडवर. लॅपटॉप चार्जरवरून काढा, अनेकदा बारीक गूं गूं तिथूनच येते. इन्व्हर्टरवर असाल तर रेकॉर्डिंग थांबवा. पंख्याविना खोली तापते, म्हणून २० मिनिटं रेकॉर्डिंग, १० मिनिटं पंखा. वेळ रात्री अकरानंतर किंवा पहाटे. पूर्व भागात (यंत्रमागांच्या वस्तीत) मात्र आधी खिडकीशी उभं राहून ऐका, रात्रपाळीचे माग चालू असतील तर ती खटखट कुठलाही फिल्टर काढत नाही.

प्रत्येक वेळी सुरुवातीला ४५ सेकंद कुणीही न हलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या जागा त्यानंच भरायच्या. पूर्ण मुकी जागा कानाला खड्ड्यासारखी लागते. नॉइज रिडक्शन (सॉफ्टवेअरनं खरखर कमी करणं) ६ ते ९ डेसिबलच्या पुढं नेऊ नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी तासभर शेंगाचटणी, शेंगदाण्याची चिक्की, दूध बंद. सोलापूरकरांना जड जाईल, पण दाण्याचा कण घशात अडकला की प्रत्येक वाक्याला खाकरणं ऐकू येतं. तोंडाचा चिकट टकटक आवाज येत असेल तर हिरव्या सफरचंदाची फोड आणि कोमट पाणी.

कडकभाकरी

@पटकथापेन, नावं झाकून तिघांना दिलं. दहातली चार ओळखली. लाज वाटली, पण कळलं. @माईकवाला, चादरी घरून आणतो.

आणखी एक. मुलगा तेलुगू घरातला आहे हे आवाजातून कळावं म्हणून आम्ही त्याला "ळ" चा "ल" करायला सांगितलंय, आणि प्रत्येक वाक्यात "बे" टाकलाय. काहीजण हसतात, पण मला स्वतःला खटकतंय.

साखरपेठ

खटकायलाच पाहिजे. तेलुगूत "ळ" आहे. कन्नडमध्येही आहे. तेलुगू घरातल्या पोराला "ळ" का जमणार नाही? "ल" करणं ही हिंदी बोलणाऱ्याची नक्कल आहे, ती तुम्ही उचलून चुकीच्या घरात नेऊन ठेवलीत. पूर्व भागातला एक माणूस थेटरात असला तरी पहिल्या मिनिटाला ओळखेल.

इथं जन्मलेला, मराठी शाळेत गेलेला मुलगा तुमच्यासारखंच सोलापुरी बोलतो. फरक असतो तो भाषा कुठं बदलते ह्यात. बाहेर मराठी, घरच्यांशी तेलुगू, रागात किंवा घाबरल्यावर जी आधी तोंडात येते ती. व्हॉइस-ओव्हर मनातला आहे ना? मग अख्खं मराठी ठेवा आणि दोन-तीन जागीच एखादा तेलुगू शब्द येऊ द्या, जिथं वडील येतात तिथं. तो वडिलांना नायना म्हणतो, नान्ना म्हणतो की पप्पा, हे नटाच्याच किंवा शेजारच्या घरात विचारा, इंटरनेटवरून घेऊ नका. आजीच्या तोंडी मराठी असेल तर लिंग चुकू शकतं, कारण तेलुगूत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. पण तेही आजीला, नातवाला नाही. आणि माग चालवणाऱ्याच्या पोराचं बोलणं हाच विनोद केलात तर फिल्म त्याच्यावर हसतेय असं होतं. त्याच्या खोटेपणावर हसा, घरावर नको.

"बे" बद्दल: सोलापुरी "काय बे" मित्राला म्हणतात. सरांना नाही, आईला नाही, आणि जिच्यावर इंप्रेशन मारायचंय तिला तर नाहीच. पटकथापेन म्हणतात तसा तो मनात सरांना उत्तर देत असेल तर तिथं "बे" येणारच नाही. स्वतःला शिव्या घालताना येईल: "बोल की बे आता!" ४६ वाक्यांत असे तीन पुरे. पाहिजे तर शेवटी एकदा मुलगीच त्याला "काय बे" म्हणू दे, मैत्री झाल्याचं दुसरं काही सांगावं लागणार नाही.

टाइमलाइन

संकलनाच्या बाजूनं. ४६ फार आहेत. सरासरी ६ सेकंद धरले तर साडेचार मिनिटं झाली, म्हणजे १८ मिनिटांचा पाव भाग. तीन मिनिटांच्या आसपास आणा. पटकथापेन वाक्यं सुधारायला सांगतायत, मी म्हणतो आधी सगळे व्हॉइस-ओव्हर म्यूट करून फिल्म एकदा बघा. जिथं गोष्ट कळाली तिथला व्हॉइस-ओव्हर गेला. सुधारायला वीस-पंचवीसच उरतील.

नवी वाक्यं आधी फोनवर कच्ची रेकॉर्ड करून टाइमलाइनवर लावा, चित्र त्यावर कापा, आणि मगच चादरीत बसा. मराठीत साधारण वेगानं सेकंदाला दोन ते अडीच शब्द होतात. १० सेकंदांच्या शॉटला २५ शब्द मावतात म्हणून २५ लिहू नका, १६ ते १८ लिहा. उरलेली जागा चेहऱ्याची.

विनोदाचं टायमिंग फ्रेममध्ये बसतं. कॉलरच्या कागदाचा शॉट "बघून" हा शब्द संपल्यावर ८ ते १० फ्रेमनी यावा (२५ फ्रेमवर शूट केलंय असं धरतो). शब्द चालू असतानाच कापलं तर विनोद फुटतो, सेकंदभर थांबलात तर प्रेक्षक आधी पोचतो. शॉट आल्यावर दीड-दोन सेकंद कुणी बोलायचं नाही. हशा पिकला तर पुढचं वाक्य त्यात बुडतं.

गड्ड्यावरचा सीन सांभाळून. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची गर्दी मागं असेल तर तो आवाज इतका भरलेला असतो की त्यावर मनातलं बोलणं टिकत नाही. गर्दी पूर्ण बंद करू नका, जागाच मरते. व्हॉइस-ओव्हरच्या आधी सेकंदभरात ८ ते १० डेसिबल हळूच खाली न्या, वाक्य संपल्यावर परत वर. पार्श्वसंगीतालाही तेच, शिवाय संगीतात २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल कमी करा, शब्द मोकळे होतात. मनातल्या आवाजाला रिव्हर्ब (घुमल्याचा परिणाम) लावायचा मोह आवरा. कोरडा आणि जवळचा ठेवा, म्हणजे तोच नट समोर बोलतोय की मनात, हे फरकानंच कळतं. यूट्यूबसाठी –१४ लफ्सच्या (एकूण आवाज किती मोठा त्याचं माप) आसपास, पीक म्हणजे सर्वात मोठा आवाज –१ डेसिबलच्या खाली.

पटकथापेन

टाइमलाइनचं मान्य, आधी गाळा.

"वाचल्यासारखं" राहिलं. पोरांच्या हातात लगेच कागद देऊ नका. सीन आवाज बंद करून दाखवा आणि "इथं काय झालं, मला सांग" म्हणा. तीनदा सांगू द्या, रेकॉर्ड करा. त्यांची वळणं त्यातून उचलून वाक्यं पक्की करा. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर दोन हातांवर खरा माणूस बसवा, मुलासाठी सर झालेला. त्यानं प्रश्न विचारायचा, "मागं का गेलास रे?", आणि पोरानं उत्तर द्यायचं. प्रश्न नंतर कापून टाका. प्रत्येक पूर्णविरामाला आवाज खाली पडतो ना, तो प्रश्नाला उत्तर देताना पडत नाही. नट वयानं मोठे असतील तर आवाज बारीक करायला सांगू नका, कार्टून होतं. वेग वाढवा, श्वास अर्ध्यात घेऊ द्या, वाक्य अपुरं सोडू द्या.

माईकवाला

एक राहिलं. आठवड्यानं दोन वाक्यं बदलावीशी वाटणार, वाटतातच. म्हणून पहिल्याच दिवशी माईकच्या स्टँडला सुतळी बांधून तोंडापर्यंतच्या अंतरावर गाठ मारा, गेनचा (माईक आवाज किती वाढवतो त्याचा) आकडा चिकटपट्टीवर लिहून माईकला लावा आणि चादरींचा फोटो काढून ठेवा. नवीन वाक्य बोलायच्या आधी पोराला त्याचं जुनं वाक्य हेडफोनवर ऐकवा, तेच एकदा बोलून घ्या, मग नवीन.