मदत हवी आहे : रिअ‍ॅलिटी शोमधलं जोडलेलं वाक्य कसं ओळखायचं?

'बिग ब्रदर'च्या (नेदरलँड्स, १९९९) साच्यावरच्या शोमध्ये, म्हणजे 'बिग बॉस मराठी'तही, दिवसभराचं चित्रण कापून एक भाग बनतो, आणि त्यात कधी वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून एकच वाक्य केलेलं असतं. बोलणाऱ्याचं वाक्य चालू असताना कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर गेला, तर तिथे जोड असण्याची शक्यता सर्वांत जास्त. खोलीचा आवाज मध्येच बदलणं, श्वास तुटणं, शेवटी सूर न उतरणं, या खुणा हेडफोनवर कळतात. पण खाली पार्श्वसंगीत असलं की सगळं बुजतं, आणि अडलंय तिथेच.

संगीतातून संवाद वेगळा काढायला काय वापरता? स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या वारंवारता वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रावर) जोड नेमका कसा दिसतो? ओटीटीच्या ऑडिओ कॉम्प्रेशनमुळे खोट्या खुणा उमटतात का? रिअ‍ॅलिटीचं साउंड एडिटिंग केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. अशा एका वाक्यावरून प्रेक्षक माणसाबद्दल मत बनवतात आणि मतदानही करतात.