प्रतिसाद : अंगठा द्या, पण कागद ऐकून

"डोळे तपासून गेले, ना चष्मा दिला ना थेंब, मग माहिती कशाला द्यायची?" असं वर एकानं विचारलंय. गावात घरोघरी डोळ्यांचं सर्वेक्षण करायला आलेल्या टीमला आमच्या बाबांनीही हेच तोंडावर विचारलं होतं. औषध वाटायला नाही, मोजायला आलो, असं टीममधल्या पोरीनं सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

तक्त्यावरचं 'ई' अक्षर सहा मीटरवरून बघायचं होतं. ओसरीत तेवढं अंतर भरेना, म्हणून टेप तुळशीपासून गोठ्याच्या दारापर्यंत ताणला. बाबांनी डोळा झाकला खरा, पण बोटांच्या फटीतून बघत होते! मग भोकाभोकांची काळी पट्टी धरली. त्यातून 'ई' साफ दिसला तर बहुतेक चष्म्याचं काम. नाही तर मोतीबिंदू किंवा दुसरं काही. बाबांच्या उजव्याला काही फरक पडला नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूचेच होते.

कापूस वेचायला गेलेल्यांसाठी टीम संध्याकाळी परत आली. घरी बसलेलेच मोजले तर आकडा खोटा निघतो न बाप्पा.

फवारा डोळ्यात उडाला, पऱ्हाटीची काडी लागली, हे विचारलं तर लपवू नका. काडीनं बुबुळात बुरशी शिरते, अन् दुकानातले स्टेरॉइडचे थेंब टाकले की ती आणखी पसरते.

सहमतीचा कागद मात्र वाचून घ्या. नाही म्हणायचा हक्क आहे, मधूनही. मागं एका टीमनं न वाचताच अंगठा मागितला होता. आईनं चहा पाजला, अंगठा नाही दिला.