लाइव्ह पेनड्राइव्हवरचं वायफाय
लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केल्यावर वायफाय दिसलं नाही, तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड लिनक्सला चालतच नाही असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बऱ्याचदा फक्त फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालू व्हायला लागणारी फाइल, नसतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इमेजमध्येच (पेनड्राइव्हवर टाकायच्या फाइलमध्येच) द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पेनड्राइव्हवर जुनी इमेज असेल तर आधी ती बदला.

ब्रॉडकॉम कंपनीची काही कार्डं तरीही अडतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. इथे चाळीसगावात पोरं असे जुने लॅपटॉप घेऊन येतात, तेव्हा मी सरळ मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करतो. नेट लगेच मिळतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. एवढ्यासाठी चांगलं मशीन भंगारात घालू नका हो! फक्त पेनड्राइव्हवर पर्सिस्टन्स (केलेले बदल जपून ठेवायची सोय) ठेवलेला नसेल तर रीस्टार्ट केल्यावर तो ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो.