साइडकिकला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एड मॅकमॅहन यांच्यावर टिपण लिहिते आहे. जॉनी कार्सन यांच्या 'द टुनाइट शो' या अमेरिकी टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत ते त्यांच्या शेजारी बसत. 'हीअर्ज जॉनी!' ही लांबवलेली हाळी त्यांचीच. त्यांना साइडकिक, म्हणजे मुख्य माणसाला बाजूला बसून साथ देणारा, म्हणत. 'साथीदार' लिहिलं की पोलिसांच्या बातमीतला फरार आरोपी आठवतो, 'जोडीदार' लिहिलं की लग्न. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : पेंद्या? किंवा सोंगाड्या. दोन्ही तमाशातले, दोन्ही विनोदी.

प्रतिसाद : दोन्ही चालणार नाहीत असं मला ठामपणे वाटतं. गवळणीत पेंद्या बोलला की हशा त्याचा असतो. सोंगाड्या तर फडाचा हुकमी एक्का. मॅकमॅहन यांचं काम नेमकं उलटं होतं, हशा कार्सनकडे पोचवायचा. एखादी यादी वाचून झाली की ते म्हणत, या विषयावर जाणण्यासारखं सगळं इथे आलं. मग कार्सन त्यांना खोडून काढत आणि पुढची यादी सुरू होई. ती गंभीर खात्री नसेल तर विनोद उभाच राहत नाही.

एक किस्सा मॅकमॅहन स्वतः सांगत. डास तापट, रसिक माणसांनाच चावतात, असं कार्सन सांगत होते. मॅकमॅहन यांनी पटकन स्वतःच्या दंडावर चापट मारली. प्रेक्षक खदखदून हसले, पण कार्सन नाराज झाले, कारण टेबलाखाली डास मारायच्या फवाऱ्याचा मोठा डबा तयार ठेवला होता आणि त्याची जागाच गेली. साइडकिकची सीमारेषा इथे स्पष्ट दिसते.

म्हणून माझा शब्द : झीलकरी. पोवाड्यात शाहीर कडवं टाकतो आणि मागचे 'जी जी रं जी' म्हणत झील ओढतात. त्या अवधीत शाहिराला दम मिळतो, सूर पडत नाही, ऐकणाऱ्यांनाही दाद कुठे द्यायची ते कळतं. मॅकमॅहन यांचं ते घसघशीत हसणं म्हणजे झीलच होती.

प्रतिसाद : झीलकरी कानाला छान, पण 'झील ओढणं'मध्ये हांजी हांजीची छटा नाही का? 'री ओढणं' तर सरळ नावं ठेवण्यासाठीच वापरतात. वाचक 'होयबा' समजतील.

प्रतिसाद : छटा आहे, मान्य. ती टिपणातल्या तपशिलानेच पुसता येईल. हा माणूस तरुणपणी अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉकवर भाजी चिरायची यंत्रं विकायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला एकट्याच्या आवाजावर थांबवायचा. कोरियन युद्धात त्याने मरीन कोअरचा वैमानिक म्हणून ८५ मोहिमा केल्या. पुढे 'स्टार सर्च' या टीव्हीवरच्या कलागुणांच्या स्पर्धेचं सूत्रसंचालन स्वतः केलं. असा माणूस रोज रात्री दुसऱ्याचा सूर धरून बसतो, ते लाचारीने नव्हे. आपल्याकडेही चांगला झीलकरी मिळाला नाही तर शाहिराची काय दशा होते ते फडावरच्यांना विचारा!

संस्कृत नाटकात सूत्रधाराचा 'पारिपार्श्वक' असतो. शब्दशः बाजूला असणारा, पण तो प्रस्तावनेपुरताच. मॅकमॅहन कार्यक्रम संपेपर्यंत थांबत. नवा पाहुणा आला की सोफ्यावर एकेक जागा सरकत, एवढंच.

प्रश्नकर्ती : 'पारिपार्श्वक' माझ्या वाचकांना जड जाईल. झीलकरी घेते. वाक्य असं केलं आहे : '६ मार्च १९२३ रोजी डेट्रॉइटमध्ये जन्मलेले आणि २३ जून २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये निवर्तलेले एड मॅकमॅहन हे कार्सन यांचे झीलकरी.' 'हे' ठेवू की काढू?

प्रतिसाद : ठेवा. आणि 'झीलकरी' अवतरणचिन्हांत घालू नका, शब्द संकोचल्यासारखा वाटतो.