मदत हवी आहे: राळेतला भुंगेरा मुलींना नीट कसा दाखवू?

नमस्कार मंडळी. वरोऱ्याकडे जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलींनी विषय घेतलाय: अंबरमधल्या (म्हणजे कोट्यवधी वर्षांत दगडासारख्या झालेल्या झाडाच्या राळेतल्या) भुंगेऱ्याची नवी प्रजाती शास्त्रज्ञ कशी ठरवतात. पिसदुऱ्याचे डायनासोरचे जीवाश्म आमच्या शेजारचेच, पण अंबर इकडे नाही. गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत मिळालंय, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचं, साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेचं. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्याचं अंबर होत नाही. हे मुलींनी वाटीत करून पाहिलं.

आता एकीच्या वडिलांनी जंगलातून सालईच्या राळेचा खडा आणलाय. आत तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेरा! पाठीवरचे कडक पंख मधोमध सरळ रेषेत मिटलेले, त्यांवर बारीक खाचांच्या ओळी. पण ओळख पटवायला स्पर्शिकांचे आणि पावलांचे सांधे मोजावे लागतात, आणि नेमके तेच बुडबुड्यामागे झाकलेत. पॉलिश करावं तर खडा मऊ, चिकट. स्पिरिट लावलं की राळच विरघळते.

कुणी असं काम केलंय का? आणि चंद्रपूर-नागपूर भागात स्टिरिओ मायक्रोस्कोप दिवसभर वापरायला मिळेल का? मुलींना घेऊन मीच येतो. खडा मात्र फोडायचा नाही.