अनुभव धागा: कुणाला न दुखावता पर्यावरणाचं काम कसं टिकवता? (ठाणे-नवी मुंबई)

धागा सुरू करताना

ओला-सुका कचरा, खत, खाडीकाठची सफाई अशी कामं आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत जोमात सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांत चार उत्साही माणसांपुरती उरतात. लोकांना पर्यावरणाची पडलेली नसते असं मला वाटत नाही. "एवढे शिकलेले असून कळत नाही?" असं लिफ्टमध्ये एकदा ऐकलं की पुढच्या रविवारी माणूस खाली येत नाही, एवढंच. तुमच्याकडे माणसं टिकली असतील तर नेमकं काय करता ते लिहा. साहित्य काय, किती, कुठे बिघडतं, का बिघडतं. उपदेश नको.

घोडबंदर रोड, मोठं संकुल

दोन गोष्टी आधी ठरवा: डब्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही आणि फ्लॅट नंबर कुणीही उच्चारायचा नाही. चुकीचा कचरा दिसला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर एक ओळ लावायची, आणि त्या ओळीत फक्त उत्तर असावं. "दुधाची पिशवी विसळून, उपडी वाळवून सुक्यात." बास. कोण चुकलं हे कळायची गरजच नसते.

गोंधळ नेहमीच्या कचऱ्यात होत नाही, तो अधल्यामधल्या वस्तूंत होतो. म्हणून रविवारी सकाळी अर्धा तास गेटजवळ 'शंका टेबल' मांडतो. घरातली कुठलीही वस्तू आणा आणि विचारा. टेबलावर नेहमी येणाऱ्या वस्तू: तेलकट पिझ्झाचा खोका (तेलकट भाग फाडून ओल्यात, कोरडा भाग सुक्यात), ज्यूसचा चांदीचा थर असलेला खोका (विसळून, चपटा करून सुक्यात), करवंटी (ओल्यात नको, वेगळी गोणी), पेन्सिल सेल आणि मुदत संपलेली औषधं (घातक, वेगळा डबा). दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, थोडा जोडलेला ठेवा. तो चिमुकला तुकडा गटारात जातो, भंगारवाल्याच्या हाती कधीच लागत नाही.

डायपर आणि सॅनिटरी पॅडबद्दल बोलायला लोक अवघडतात. सभेत विषय काढण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर वर्तमानपत्राची तयार पाकिटं, कोपऱ्यात लाल ठिपका मारून, एका खोक्यात ठेवा. कुणी घेतली, किती घेतली, पाहायचं नाही. पाकिटं संपत जातात हीच पोचपावती.

नेरूळ, खत प्रकल्प

साधारण वीस घरांसाठी: दोनशे लिटरचे सहा ड्रम, चहूबाजूंनी बोटभर जाडीची भोकं, आतून जाळी, तळाला विटांवर उंच ठेवलेले. घरटी रोज अर्ध्या किलोच्या आसपास ओला कचरा धरला तर एक ड्रम आठ-दहा दिवसांत भरतो आणि भरल्यावर खत व्हायला 40-45 दिवस लागतात, म्हणून सहा.

तळाला वीतभर सुका पाला. मग कचऱ्याचा एक थर, त्यावर तेवढाच किंवा दीडपट पाला, आणि सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताकात कालवलेला गूळ किंवा मूठभर जुनं खत. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. ओल बरोबर आहे का हे मुठीत दाबून बघा. हात ओलसर व्हावा, एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं पावसाळ्यात, कारण पाला भिजलेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत झाडलोट करणाऱ्या दादांकडून पाला जाळीच्या पिशव्यांत भरून छपराखाली साठवा. जून ते सप्टेंबर तोच वापरायचा. संपला तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा लाकडाचा भुसा, पण प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक असतो.

तळमजल्यावरच्यांकडून वासाची तक्रार आली की वाद घालू नका. त्यांचं नाक तुमच्यापेक्षा ड्रमच्या जवळ आहे, त्यांच्याकडून मिळते ती माहिती. नाक झोंबणारा अमोनियासारखा वास असेल तर पाला कमी पडलाय, वाढवा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे, म्हणजे उलथा आणि कोरडा पाला मिसळा. तक्रार करणाऱ्या काकूंना त्याच दिवशी ड्रम उघडून काय बदललं ते दाखवा. तक्रार ऐकून घेतली गेली की माणूस बाजूने उभा राहतो, हे आमच्याकडे वारंवार दिसतं.

जाड, मातकट अळ्या दिसल्या की लोक घाबरून औषध मारतात. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने खातात, अपायकारक नाहीत. फार झाल्या तर पाला वाढवा. औषध मारलंत तर खत बनवणारे जीवाणूही मरतात.

वाशी

वर सगळे "घरचे" म्हणताय, पण बऱ्याच घरांत डबा हाताळतात त्या मावशी. सूचना मालकिणीला मराठीत किंवा इंग्रजीत जाते आणि मावशी तीन घरांत तीन पद्धती सांभाळतात. सगळ्या इमारतीत डब्यांचा रंग एकच ठेवा, हिरवा ओला, निळा सुका, आणि माहिती दुपारी दोन वाजता द्या, जेव्हा त्या कामं आटपून गेटशी थांबतात. शब्दांपेक्षा वस्तूंची चित्रं. चहापाणी आधी, माहिती नंतर.

ऐरोली, खाडीकाठ

2022 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिवरांच्या पट्ट्यात शिरण्याआधी कांदळवन कक्षाची (वनखात्याचा तिवरं सांभाळणारा विभाग) परवानगी घ्या आणि त्यांचा माणूस सोबत असू द्या. फ्लेमिंगो थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत असतात. त्या काळात शिट्ट्या, ढोल, ड्रोन काही नको.

साहित्य दहा जणांमागे: वीस गोण्या, रबराचा थर असलेले दहा जोड हातमोजे, दोन लांब चिमटे, दोन कात्र्या, प्रथमोपचार पेटी. गोणी अर्धीच भरा, चिखलाने ओली झालेली भरली गोणी दोघांना उचलत नाही. चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात ती तिवराची श्वासमुळं. त्यांच्यावर पाय देऊ नका. पिशवी मुळांत गुंतली असेल तर ओढू नका, कात्रीने कापून तुकड्यांनी काढा, कारण ओढली की मुळं पिशवीबरोबर तुटून येतात. सुया आणि काच चिमट्यानेच, जाड डब्यात. आणि गोण्या उचलायची गाडी वॉर्ड ऑफिसशी बोलून आधी ठरवा. नाहीतर पुढच्या उधाणाला सगळं पुन्हा खाडीत.

आता माणसांचं. सगळ्यांना चिखलात उतरवू नका. गुडघेदुखीवाले आजोबा वजनकाटा आणि वही सांभाळतात, लहान मुलं बाटल्यांची झाकणं वेगळी करतात, कुणी फक्त पाणी देतं. नोंदीच्या वहीत कामाचा प्रकार लिहायचा, माणशी किलो नाही. माणशी किलो लिहायला लागलात की स्पर्धा सुरू होते आणि हळू काम करणारे गळतात. बिसलेरीची बाटली घेऊन आलेल्यालाही टोकायचं नाही. पाण्याचा पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा, पुढच्या वेळी तो बाटली आणत नाही.

कोपरी, ठाणे पूर्व

थोडक्यात: भांडी बँक. शंभर स्टीलची ताटं, दोनशे वाट्या, शंभर पेले, मागे सोसायटीचं नाव कोरलेलं. देताना आणि घेताना मोजणी, थोडी अनामत, भाडं नाही. बारसं किंवा सत्यनारायण असलेल्या घरी आपणहून विचारायचं, "ताटं पाठवू का?" थर्माकोलच्या पत्रावळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. धुण्याची सोय सांगितली नाही तर लोक घेत नाहीत, म्हणून मावशींचा दर आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा.

ऐरोली यांना प्रश्न, सीवूड्सहून

ओहोटीची वेळ कशी ठरवता? आमच्याकडे लोक सकाळी सातला जमतात आणि पाणी काठाला लागलेलं असतं.

ऐरोली

कोळीवाड्यात विचारा, ते तिथीवरून सांगतात. हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची (द्वितीया दोन, अष्टमी आठ) पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला रात्री दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे तुमच्या सातच्या वेळेला पाणी भरलेलंच असणार. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरा. द्वितीया-तृतीयेला लागून येणारा रविवार निवडा, भरतीचा छापील तक्ता एकदा पडताळून पाहा, आणि पाणी वळायला लागलं की काम अर्धवट असलं तरी सगळ्यांना वर घ्या.