गोवा सुटला, रानडे आतच
धीर धरणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. आमच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या, पोर्तुगीजांविरुद्धच्या मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांचं. मूळचे सांगलीचे, इथे मराठी शिकवायला आलेले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची, रवानगी थेट पोर्तुगालला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि हा माणूस त्यानंतरही सात वर्षं लिस्बनजवळच्या तुरुंगात! ज्यासाठी आत गेलो ते मिळालंय, आपली सुटका तेवढी राहिलीय. हा उशीर पचवायचा कसा? (आमची जमिनीवर नाव चढवायची, म्युटेशनची फाईल मामलेदार कचेरीत महिनाभर पडून राहिली की आम्ही घर डोक्यावर घेतो.)

बरं, बाहेरचेही गप्प नव्हते. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत होते. तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर पोपच्या भेटीत स्वतःचं काही न मागता रानड्यांचा विषय काढला. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. नुसत्या वाट बघण्याने झालं असतं का हे?